पेज टेबल एन्ट्रीला स्ट्रक्टमध्ये कशाला कोंबायचं? साधा ६४ बिटांचा आकडा का नाही?

कोरडी_भाकर
मंडळी, एका रिव्ह्यूवरून आमच्यात चांगलीच जुंपलीय म्हणून इथे टाकतोय. पेज टेबल एन्ट्री (पीटीई) म्हणजे प्रोग्रामच्या व्हर्च्युअल पत्त्याला रॅममधला खरा फिजिकल पत्ता जोडणारी नोंद, तिच्यात तो पत्ता आणि परवानग्यांचे फ्लॅग बिट असतात. आम्ही तिघंजण मिळून रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर एक छोटा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहितोय, त्याची एसव्ही३९ ही पेजिंगची पद्धत म्हणजे तीन लेव्हलची टेबलं, प्रत्येकात ५१२ एन्ट्र्या, एक एन्ट्री ६४ बिटांची. मी सरळ एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्याच्या कर्नलमध्ये आहे तसं केलंय, यूइंट६४ ला, म्हणजे ६४ बिटांच्या साध्या आकड्याला, टाईपडेफ करून पीटीई_टी नाव दिलं आणि पुढे कामाला लागलो. आमच्यातला एकजण म्हणतो की हे चालणार नाही, लिनक्ससारखं स्ट्रक्टच्या (सी मधला स्वतःचा वेगळा टाईप) आत एकच फिल्ड ठेव आणि पीटीई_व्हॅल, अंडरस्कोर अंडरस्कोर पीटीई असल्या फंक्शनमधूनच आत बाहेर कर.

माझं म्हणणं एवढंच की हार्डवेअरला हा ६४ बिटांचा आकडा आहे, मॅन्युअलमध्ये बिटांची चित्रं काढलेली आहेत, मास्क मारा, शिफ्ट करा, संपलं. लिनक्समध्ये एक साधी एन्ट्री बनवायची तर मेकयंग मेकडर्टी मेकराइट अशी फंक्शनची मालगाडी वाचावी लागते, जीडीबी डीबगरमध्ये व्हेरिएबल प्रिंट केलं की महिरपी कंस येतात, आणि एवढं करून शेवटी आत काय, तर तोच अनसाइन्ड लाँग. फ्रीबीएसडी या दुसऱ्या कर्नलमध्ये पण एएमडी६४ (६४ बिट एक्स८६) वर पीटी_एन्ट्री_टी हा साधा ६४ बिटांचा इंटिजरच आहे, ते लोक काय वेडे आहेत का. उगाच सोवळं पाळल्यासारखं वाटतं मला हे सगळं. तुमचं काय मत?

घाटमाथा
भाकर, तुमचा रिव्ह्यूवाला बरोबर आहे.

सी मध्ये टाईपडेफने नवीन टाईप तयार होतच नाही हे आधी लक्षात घ्या. डब्यावर साखर लिहिलंय म्हणून आत मीठ टाकणाऱ्याला कोणी अडवत नाही, तशातली गत. तुमचा पीटीई_टी, फिजिकल ॲड्रेस, व्हर्च्युअल ॲड्रेस, पेज फ्रेम नंबर (पीएफएन, फिजिकल पेजचा क्रमांक), सगळे कंपायलरला एकच दिसतात. एक्सव्ही६ चंच मॅपपेजेस बघा, त्यात व्हीए (व्हर्च्युअल ॲड्रेस), साइज आणि पीए (फिजिकल ॲड्रेस) हे तिन्ही यूइंट६४, दोन अदलाबदल करून पाठवले तरी कंपायलर हूं की चूं करत नाही. आणि पेजटेबल_टी म्हणजे यूइंट६४ चा पॉइंटर, पीटीई_टी चा पॉइंटर म्हणजे पण तेच, म्हणजे टेबल कुठलं आणि टेबलातली एन्ट्री कुठली हेसुद्धा वेगळं नाही.

रिस्क-फाइव्हवर तर हे जास्त चावतं. एक्स८६ वर पत्ता एन्ट्रीत जागच्या जागी बसतो, १२ व्या बिटापासून, त्यामुळे मास्क मारायला विसरलात तर निदान खालचे फ्लॅग चिकटलेला पण जवळपास बरोबर पत्ता मिळतो. एसव्ही३९ मध्ये पेज नंबर १० व्या बिटापासून सुरू होतो. म्हणजे पीए च्या जागी चुकून पीटीई गेला की पत्ता एक चतुर्थांश होतो आणि तो तुमच्या रॅममध्ये कुठेतरी पडला तर क्रॅशसुद्धा होत नाही, गुपचूप दुसऱ्याचं पेज खराब होतं. स्ट्रक्ट असता तर ती ओळ कंपाइलच झाली नसती. बास, एवढ्या एका कारणासाठी मी स्ट्रक्ट घालीन.

बत्तीस_बिटी
स्ट्रक्ट फुकट मिळतं असं सगळे गृहीत धरून बोलतायत म्हणून जरा पाणी ओततो. मी बरीच वर्षं छोट्या बोर्डांवर काम करतोय, तिथे हे फुकट नसतं. फंक्शनला स्ट्रक्ट कसं द्यायचं आणि परत कसं घ्यायचं हे एबीआय (कंपाइल झालेल्या कोडसाठी फंक्शन कॉलचे नियम) ठरवतं, आणि बऱ्याच जुन्या ३२ बिट एबीआयमध्ये स्ट्रक्ट कितीही चिमुकलं असलं तरी ते मेमरीतून जातं, रजिस्टरमधून नाही. ३२ बिट स्पार्कच्या लिनक्स हेडरमध्ये तर कॉमेंटच आहे की स्ट्रक्ट पास केल्याने स्पार्कवर भयंकर स्लो होतं. म्हणून लिनक्समध्ये स्ट्रिक्ट एमएम टाईपचेक्स नावाचा मॅक्रो होता आणि अजून आहे, तो ऑन केला की पीटीई_टी स्ट्रक्ट, ऑफ केला की साधा इंटिजर. ३२ बिट आर्ममध्ये तो ऑफ आहे. ३२ बिट पॉवरपीसीमध्ये पण नॉर्मल बिल्डला ऑफ असतो आणि फक्त स्पार्स नावाचं चेकर टूल चालवताना ऑन होतो. म्हणजे ज्या लिनक्सचे दाखले देताय तोच लिनक्स गरज पडली की भाकर म्हणतो तसा साधा आकडा वापरतो. हे कोणी सांगत नाही.

घाटमाथा
@बत्तीस_बिटी काका, मुद्दा खरा आहे पण तो भाकरला लागू होत नाही. रिस्क-फाइव्हच्या कॉलिंग कन्व्हेन्शनमध्ये दोन रजिस्टरच्या मापापर्यंतचं स्ट्रक्ट रजिस्टरमधूनच जातं, ८ बाइटचं स्ट्रक्ट सरळ ए० रजिस्टरमध्ये. एक्स८६-६४ वर पण तसंच. ३२ बिट एक्स८६ वर डिफॉल्टला स्ट्रक्ट मेमरीतून परत येतं, म्हणून कर्नलच्या मेकफाइलमध्ये रेग-स्ट्रक्ट-रिटर्नचा फ्लॅग टाकून ठेवलाय. वरून हे सगळे ॲक्सेसर (आत बाहेर करायची फंक्शनं) स्टॅटिक इनलाइन असतात, म्हणजे कॉल न होता जागेवरच उलगडतात, ऑब्जेक्ट फाइल उघडून बघा, स्ट्रक्टचा मागमूस नसतो.

आणि तुम्ही जो मॅक्रो सांगितलात तो माझ्याच बाजूचा पुरावा झाला ना. स्ट्रक्ट बंद करून पण कोड चालतो कारण सगळ्यांनी आधी स्ट्रक्ट आहे असं समजून कोड लिहिला. उलट करता येत नाही, आधी दहा वर्षं आकडा म्हणून वापरला आणि मग एके दिवशी स्ट्रक्ट केला की हजार ठिकाणी एरर.

बत्तीस_बिटी
ते मान्य. पण मग म्हणा की शिस्त पाहिजे, स्ट्रक्ट पाहिजेच असं नका म्हणू.

लाल_डबा
या वादात पीएई चा (३२ बिट इंटेलवर जास्त रॅम वापरायची सोय) विषय अजून निघाला नाही याचं आश्चर्य वाटलं, खरी मजा तिथे आहे, जरा लांबण लावतो.

पेन्टियम प्रो १९९५ ला आला तेव्हा इंटेलने ३२ बिट प्रोसेसरला ३६ बिटांचा फिजिकल ॲड्रेस दिला, म्हणजे ४ जीबी ऐवजी ६४ जीबी. त्यासाठी एन्ट्री ४ बाइटची ८ बाइट झाली, टेबलात १०२४ ऐवजी ५१२ एन्ट्र्या मावायला लागल्या. पण प्रोसेसर ३२ बिटच, अनसाइन्ड लाँग ३२ बिटच. आता ज्याने ज्याने "पीटीई म्हणजे अनसाइन्ड लाँग" असं डोक्यात धरून कोड लिहिला त्याचे वरचे ३२ बिट गायब, आणि गायब कसे, तर अनसाइन्ड लाँगमध्ये असाइन करताना कंपायलर डिफॉल्टला वॉर्निंगसुद्धा देत नाही. ४ जीबी पेक्षा कमी रॅम असलेल्या मशीनवर टेस्ट केलं तर सगळं झकास चालतं. मोठ्या रॅमच्या सर्व्हरवर गेलं की बोंब.

यातला सगळ्यात छुपा खड्डा म्हणजे पेज मास्क. पेज मास्क हा व्हर्च्युअल ॲड्रेससाठी, म्हणजे ३२ बिटांचा, खालचे १२ बिट शून्य वरचे २० एक. तो जर अनसाइन्ड असेल आणि ६४ बिटांच्या पीटीईशी अँड केला तर सी च्या नियमाने वर शून्य भरले जातात, म्हणजे मास्क मारता मारता पत्त्याचे वरचे ४ बिट पण पुसले जातात. एक्स८६ च्या हेडरमध्ये फिजिकल पेज मास्क बनवताना आधी साइन्ड लाँगला कास्ट केलंय, का तर साइन एक्स्टेन्शन होऊन वर एक भरले जावेत, आणि तिथे कॉमेंट लिहून ठेवलीय याच कारणाची. एका कास्टमध्ये एवढा अर्थ. तसंच एनएक्स बिट (या पेजमधला कोड चालवू नका असं सांगणारा), तो ६३ वा. ३२ बिटवर "१ अनसाइन्ड लाँग डावीकडे ६३" लिहिलं तर ते अनडिफाइन्ड आहे, म्हणून तिथे प्रत्येक बिट पीटीईव्हॅल_टी मध्ये कास्ट करून शिफ्ट केलेला दिसेल.

आणि लिहिणं. ८ बाइट एकदम लिहिता येत नाहीत ३२ बिट मशीनवर (सीएमपीएक्सचेंज८बी आहे पण प्रत्येक साध्या राइटला तो कोण वापरणार), म्हणून पीएई मध्ये एन्ट्री लिहिताना आधी वरचा अर्धा, मग राइट बॅरियर (आधीचं लिहिणं आधीच दिसेल याची हमी), मग खालचा अर्धा, कारण प्रेझेंट बिट (एन्ट्री वापरात आहे हे सांगणारा) खालच्या अर्ध्यात. पुसताना बरोबर उलटं, आधी खालचा. लॉक न घेता वाचायचं तर खालचा वाचा, वरचा वाचा, परत खालचा वाचून बदलला का बघा, बदलला तर पुन्हा पहिल्यापासून. आता सांगा, "*पीटीई = नवीन" असं आकड्यासारखं लिहिणाऱ्याला यातलं काही कळणार आहे का? कंपायलर त्याच्या मर्जीने कुठला अर्धा आधी लिहील सांगता येत नाही, आणि अर्धवट लिहिलेली एन्ट्री हार्डवेअरने उचलली की दुसऱ्याच पेजवर राइट.

म्हणून माझं मत, पीटीई हा आकडा नाही. हार्डवेअरबरोबर शेअर केलेली जागा आहे.

कोरडी_भाकर
लाल डबा, किस्सा भारी आहे, मास्कचा मला माहीत नव्हता. पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय राव. एक, रुंदी किती. दोन, वरून वेष्टन हवं की नको. पीएई चा सगळा त्रास रुंदीचा आहे. मी अनसाइन्ड लाँग म्हटलंच नाही, यूइंट६४ म्हटलंय, ते ३२ बिटवर पण ६४ च राहतं. आणि राहिला प्रश्न लिहिण्याच्या क्रमाचा, तर स्ट्रक्ट असलं तरी "*पीटीई = नवीन" लिहिताच येतं की, स्ट्रक्ट असाइनमेंट सी मध्ये चालते. म्हणजे तुमच्या दुसऱ्या खड्ड्यातून स्ट्रक्ट वाचवत नाही.

घाटमाथाचा पत्त्याचा मुद्दा मात्र पटण्यासारखा आहे, पण त्यासाठी पीटीईला कशाला, पीए आणि व्हीए ला स्ट्रक्टमध्ये घाला ना. लिनक्सने तसं का नाही केलं? फिज_ॲड्र_टी हा साधा टाईपडेफ आहे तिकडे.

आकडेमोड_आजी
हा प्रश्न चांगला विचारलास बाळा, कोणीतरी विचारायला हवा होता.

पत्त्यावर बेरीज वजाबाकी सतत लागते, ऑफसेट मिळव, पेजला राउंड कर, दोन पत्ते तुलना कर. त्याला स्ट्रक्टमध्ये घातलं तर सी मध्ये ऑपरेटर ओव्हरलोडिंग नसल्याने प्रत्येक अधिक चिन्हाचं फंक्शन होतं आणि कोड वाचवत नाही. पीटीईवर कोणी बेरीज करत नाही, करू पण नये. ज्याच्यावर गणित करायचं तो आकडा, ज्याच्यावर करायचं नाही त्याला स्ट्रक्ट, माझी तरी फूटपट्टी हीच.

आणि बेरीज करू नये म्हणते त्याचं एक झकास उदाहरण आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये एल१टीएफ हा प्रोसेसरमधला सुरक्षेचा दोष बाहेर आला, फोरशॅडो नावाने पेपरात पण आला होता. इंटेलचे प्रोसेसर प्रेझेंट बिट शून्य असलेल्या एन्ट्रीतला पत्ता पण स्पेक्युलेटिव्हली (अंदाजाने, तपासणी पुरी व्हायच्या आधीच) वापरून एल१ कॅशमधला डेटा उचलायचे. त्यावर लिनक्सने उपाय काय काढला, तर नॉट-प्रेझेंट एन्ट्रीतले पत्त्याचे बिट उलटे करून ठेवायचे, म्हणजे तो पत्ता जिथे खरी रॅम नाही अशा वरच्या भागात जातो. आता विचार कर, पीटीईतून पेज नंबर काढणारा कोड कर्नलभर पसरलाय. पण सगळे पीटीई_पीएफएन याच फंक्शनमधून जातात, त्यामुळे त्या फंक्शनमध्ये एक एक्सऑर टाकला, बनवणाऱ्या फंक्शनमध्ये एक टाकला, आणि अशा मोजक्या जागा बदलून एन्ट्रीची अख्खी मांडणी फिरली. प्रत्येकाने आपापलं मास्क मारून शिफ्ट केलं असतं तर गुप्तता पाळून हा पॅच करणं किती जिकिरीचं झालं असतं.

आणि गणिताची गंमत पुढे आहे. आता एकदम बऱ्याच पेजेसच्या एन्ट्र्या भरताना "पुढच्या पेजची एन्ट्री दे" असं फंक्शन आहे, पीटीई_ॲडव्हान्स_पीएफएन. तुला वाटेल पेज नंबरात एक मिळवला की झालं. एक्स८६ वर बिट उलटे केलेली एन्ट्री असेल तर तिथे वजाबाकी करावी लागते! पुढे जायला वजाबाकी. हे ज्याने हाताने अधिक एक केलं असतं त्याच्या स्वप्नात पण आलं नसतं.

कोरडी_भाकर
आजी, वजाबाकीचं भारीच आहे. पण पुन्हा तेच, हे सगळं ॲक्सेसर फंक्शनचं कौतुक आहे, स्ट्रक्टचं नाही. पीटीई_पीएफएन फंक्शन यूइंट६४ घेऊन पण लिहिता येतं.

घाटमाथा
येतं, पण मग ते वापरलंच पाहिजे अशी सक्ती कोण करणार? बरं, तुमच्याच एक्सव्ही६ च्या मॅक्रोचं बघू. पीटीई-टू-पीए म्हणजे १० उजवीकडे शिफ्ट, १२ डावीकडे शिफ्ट. वरचे बिट मास्क केलेले नाहीत, कारण एक्सव्ही६ मध्ये ते कायम शून्य. आता तुम्ही एसव्हीपीबीएमटी एक्स्टेन्शन चालू केलं, मेमरी टाईपसाठी ६१ आणि ६२ हे बिट. नॉन-कॅशेबल म्हणजे ६१ वा बिट एक. त्या मॅक्रोतून काढला की ६१ चा ५१ होतो, ५१ चा ६३, म्हणजे तुमच्या फिजिकल ॲड्रेसचा सगळ्यात वरचा बिट सेट. आयओ टाईप म्हणजे ६२ वा बिट, तो शिफ्ट होताना ६४ वर जाऊन बाहेर पडतो, म्हणजे आयओ मॅपिंग व्यवस्थित चालणार आणि नॉन-कॅशेबल मॅपिंगवर फॉल्ट येणार, आणि तुम्ही दोन दिवस कॅश फ्लश तपासत बसणार.

यावर आणखी कळस म्हणजे ऑलविनर डी१ मधला टी-हेडचा कोर. त्यात या स्टँडर्डच्या आधीची स्वतःची पद्धत आहे, वरचे ५९ ते ६३ बिट मेमरी ॲट्रिब्यूटसाठी. लिनक्सला तिथे बूट होतानाच कोडच्या सूचना पॅच करून घ्याव्या लागतात.

कोरडी_भाकर
ओके हे मॅक्रोचं आजच दुरुस्त करतो. एक ओळ. मॅक्रोमध्ये. स्ट्रक्ट न घालता 😄

घाटमाथा
आणि ज्याने मॅक्रो न वापरता हाताने शिफ्ट केलंय ते कसं शोधणार? ग्रेप करून?

कोरडी_भाकर
हो, ग्रेप करून. सगळा कर्नल मिळून केवढासा आहे.

मुळा_मुठा
मला एक कळत नाही, तुम्ही सगळे आकडा की स्ट्रक्ट यावर भांडताय, पण बिटफिल्ड का नाही कोणी म्हणत? व्हॅलिड एक बिट, रीड एक बिट, पीपीएन (फिजिकल पेज नंबर) ४४ बिट, सरळ नावं. शिफ्टची भानगडच नाही, वरचा मॅक्रोचा बग झालाच नसता. विंडोज कर्नलमध्ये एमएमपीटीई हे असंच युनियन आहे बिटफिल्डवालं, डीबगरमध्ये टाकलं की एकेक फिल्ड वाचता येतं. आणि झेन हायपरवायझरच्या आर्म पोर्टमध्ये एलपीएई_टी पण युनियन आहे, एकीकडे ६४ बिटांचे कच्चे बिट्स, दुसरीकडे फिल्डवालं स्ट्रक्ट. एवढे मोठे लोक वापरतात तर आपल्यालाच काय सोवळं.

लाल_डबा
बिटफिल्ड दिसायला गोड आहे पण पीटीईच्या बाबतीत घात करतं.

पहिलं म्हणजे बिटांचा क्रम सी स्टँडर्ड ठरवत नाही, कंपायलर आणि एबीआय ठरवतात. एकच कंपायलर एकच प्रोसेसर असेल तर चालून जातं हे खरं, विंडोज आणि झेन दोघांचं तसंच आहे.

दुसरं जास्त गंभीर. समजा फोर्कच्या (प्रोसेसची प्रत काढण्याच्या) वेळी पेज रीड-ओन्ली करायला तुम्ही पीटीई-बाण-डब्ल्यू बरोबर शून्य असं लिहिलंत. दिसायला एक असाइनमेंट, खाली कंपायलर काय करतो तर बाइट वाचतो, बिट पुसतो, बाइट परत लिहितो. एसव्ही३९ मध्ये व्हॅलिडपासून डर्टीपर्यंतचे (पेजवर काही लिहिलं गेलंय हे सांगणारा) आठही बिट त्याच एका बाइटमध्ये. वाचणं आणि लिहिणं याच्या मध्ये दुसऱ्या कोअरवर त्या पेजवर राइट झाला आणि हार्डवेअरने डर्टी बिट लावला, तर तुमचा जुना बाइट त्याच्यावर जाऊन बसतो. डर्टी गेला. पुढे ते पेज स्वच्छ आहे समजून डिस्कवर न लिहिताच फेकलं जाणार. आणि रिस्क-फाइव्हवर गंमत अशी की ॲक्सेस्ड डर्टी हार्डवेअरने लावायचे की पेज फॉल्ट देऊन सॉफ्टवेअरकडून लावून घ्यायचे हे दोन्ही स्पेकमध्ये बसतं, म्हणजे फॉल्टवाल्या बोर्डावर तुमचा कोड वर्षभर नीट चालेल, बोर्ड बदलला की डेटा जायला लागेल.

मुळा_मुठा
पण हेच तर यूइंट६४ ला पण होतं ना. *पीटीई आणि-बरोबर नॉट डब्ल्यू लिहिलं तरी आतून वाचा बदला लिहाच आहे. बिटफिल्डलाच का बदनाम करताय. आणि झेनमध्ये लोक टेबलातल्या एन्ट्रीवर डायरेक्ट फिल्ड बदलत नाहीत, लोकल कॉपीत एन्ट्री तयार करतात आणि शेवटी राइट_पीटीई ने एकदम लिहितात. तसं केलं की काही प्रॉब्लेम नाही.

लाल_डबा
हो, आकड्यालाही तोच रेस (दोघांनी एकाच वेळी लिहिण्याची टक्कर) आहे. फरक इतकाच की आणि-बरोबर बघून माणूस एकदा तरी थबकतो, फिल्ड बरोबर शून्य बघून कोणी थबकत नाही. लिनक्सचं रिस्क-फाइव्ह यासाठी ॲटॉमिक अँड वापरतं. (आणि गंमत बघा, ते करताना पीटीईच्या पॉइंटरला ॲटॉमिक लाँगच्या पॉइंटरमध्ये कास्ट करतात, म्हणजे स्ट्रक्टचं सोवळं तिथे सुटलंच.) लोकल कॉपीचं म्हणाल तर माझी हरकत नाही.

पीमॅप_प्रेमी
फ्रीबीएसडीचं नाव वर आलं आणि मग कोणी त्याच्याकडे वळूनच बघितलं नाही, म्हणून लिहितो. भाकर, त्यांनी साधा इंटिजर ठेवला हे बरोबर, पण तुम्ही नुसता टाईप उचलताय, त्यामागची रचना नाही.

बीएसडीमध्ये पीमॅप नावाचा थर आहे, माक या जुन्या कर्नलकडून आलेला. वरचा व्हीएम (व्हर्च्युअल मेमरी) कोड, जो सगळ्या प्रोसेसरना कॉमन, तो पेज टेबल कधी बघतच नाही. तो फक्त म्हणतो, हे पेज इथे मॅप कर, हे काढ, याचं राइट बंद कर. पीटीई कशी दिसते हे त्या त्या प्रोसेसरच्या पीमॅप फाइलच्या बाहेर जवळजवळ जात नाही. ती फाइल हजारो ओळींची असते आणि ती लिहिणाऱ्याला त्या प्रोसेसरचे बिट पाठ असतात. तिथे इंटिजर असला काय आणि स्ट्रक्ट असला काय.

लिनक्सने उलटा रस्ता धरला. तिकडे कॉमन एमएम (मेमरी मॅनेजमेंट) कोडच टेबलांचं झाड चढतो उतरतो, वरच्या लेव्हलपासून खालच्यापर्यंत पीजीडी, पी४डी, पीयूडी, पीएमडी, पीटीई. ज्या प्रोसेसरला हार्डवेअर टेबलच नाही, टीएलबी (पत्त्यांच्या जोड्या लक्षात ठेवणारा कॅश) सॉफ्टवेअरने भरायचा आहे, त्यालाही लिनक्ससाठी असं झाड सांभाळावं लागतं. म्हणजे पीटीई हातात धरणारा कोड असा आहे ज्याला आपण कुठल्या प्रोसेसरवर चाललोय हेच ठाऊक नाही. त्याला आकडा दिला तर तो आकड्याचं काय करणार? पॉवर९ च्या रॅडिक्स टेबलांमध्ये एन्ट्री मेमरीत बिग एंडियन (मोठ्या किमतीचा बाइट आधी) असते, कर्नल लिटल एंडियन असला तरी, म्हणून तिथे स्ट्रक्टच्या आत बीई६४ आहे. पॉवरपीसी ८एक्सएक्स वर १६ केबी पेज वापरलं तर पीटीई_टी मध्ये चक्क चार आकडे आहेत, कारण हार्डवेअरला ४ केबीच्या चार एन्ट्र्या लागतात. ६४ केबी पेजवाल्या आर्म६४ वर ५२ बिटांचा पत्ता असेल तर त्याचे वरचे ४ बिट एन्ट्रीत खाली १२ ते १५ मध्ये दुमडून ठेवलेले असतात. यातलं काय तुम्ही एका मास्कने काढणार?

लिनक्सच्या कोडिंग स्टाइलच्या कागदात टाईपडेफ वापरू नका असं सांगताना अपवाद म्हणून पीटीई_टी चंच नाव आहे, आणि लगेच पुढे बजावलंय की असं झाकून ठेवणं ही आपोआप चांगली गोष्ट नाही, पीटीईमध्ये पोर्टेबल अशी काही माहितीच नाही म्हणून झाकलंय. तेव्हा प्रश्न टाईप कुठला हा नाहीये. पीटीई किती फाइलींना दिसते, हा आहे.

बत्तीस_बिटी
पीमॅपवाल्याने मुद्द्याला हात घातला. फक्त लिनक्समध्ये पण ते सोवळं पूर्ण पाळलं जात नाही हे सांगायला हवं. ह्यूजटीएलबीचा (मोठ्या पेजेसचा) कोड बघा, २ एमबी चं पेज असेल तर एन्ट्री पीएमडी लेव्हलची असते पण तो कोड तिला पीटीईच्या पॉइंटरमध्ये कास्ट करून फिरवतो. टाईप वेगळे केले कशाला मग.

आकडेमोड_आजी
कास्ट करावं लागलं म्हणून तर दिसलं तुम्हाला. आणि वेगळ्या लेव्हलचे वेगळे टाईप किती कामाला येतात ते २०१७ ला कळलं, पाचवी लेव्हल आली तेव्हा. पीजीडी आणि पीयूडीच्या मध्ये पी४डी घुसवायचा होता. सगळे जर अनसाइन्ड लाँग असते तर एक लेव्हल विसरलेला कोड खुशाल कंपाइल होऊन चुकीचं टेबल चढला असता. इथे पीजीडीचा पॉइंटर पीयूडीच्या फंक्शनला दिला की कंपायलर तिथल्या तिथे बोंबलतो, एकेक ठिकाण दुरुस्त करत जायचं.

मुळा_मुठा
रस्टमध्ये हा वादच नाही, एका फिल्डचं स्ट्रक्ट, वर रेप्र ट्रान्सपरंट लिहायचं, एबीआय आतल्या आकड्याचाच राहतो. बत्तीस बिटी काकांचा पण प्रश्न मिटला.

बत्तीस_बिटी
मला रस्ट शिकायला लावू नका या वयात.

लाल_डबा
भाकरने मगाशी म्हटलं की स्ट्रक्ट असलं तरी "*पीटीई" लिहिता येतं, त्याचं उत्तर राहून गेलं, आणि तिथे मी त्याच्याशी सहमत आहे. स्ट्रक्टने पीटीईची किंमत झाकली जाते, पीटीईची जागा नाही. लिनक्समध्ये वर्षानुवर्षं लोक पॉइंटर सरळ डीरेफरन्स करत आले. मग आर्म६४ वाल्यांना कंटिग्युअस बिट पारदर्शकपणे वापरायचा होता, ४ केबीच्या १६ एन्ट्र्या मिळून टीएलबीमध्ये ६४ केबीची एक. त्यात डर्टी बिट १६ पैकी कुठल्याही एन्ट्रीवर लागू शकतो, म्हणजे एक एन्ट्री वाचायची तर सोळाही बघाव्या लागतात. त्यासाठी २०२३ मध्ये कॉमन कोडमधले सगळे डीरेफरन्स काढून पीटीईपी_गेट फंक्शन घालावं लागलं, मग २०२४ ला ते फीचर आत गेलं. स्ट्रक्ट इतकी वर्षं होतं तिथे, कंपायलरने एकही शोधून दिला नाही. खरं झाकायचं असेल तर पॉइंटरसुद्धा वेगळ्या टाईपचा करावा लागेल.

पुढे तर आणखी आहे. आर्मने १२८ बिटांच्या एन्ट्रीचं एक्स्टेन्शन आणलंय, डी१२८. ते आलं की यूइंट६४ वाले परत पीएई च्या दारात.

कोरडी_भाकर
१२८ बिटांची एन्ट्री माझ्या कर्नलमध्ये येईल तेव्हा मी रिटायर झालेलो असेन.

पण पीमॅपवाल्यांचं पटलं. आमच्याकडे पीटीईला हात लावणारा सगळा कोड व्हीएम.सी या एका फाइलमध्ये आहे, तेव्हा मी आकडाच ठेवतोय. टाईपडेफ हेडरमधून काढून त्या फाइलमध्येच टाकतो म्हणजे बाहेर कोणाला पीटीई_टी नावच दिसणार नाही. डीरेफरन्सच्या जागी वाचायचं एक आणि लिहायचं एक फंक्शन, आणि राइट बंद करायला ॲटॉमिक अँड.

पीमॅप_प्रेमी
खरंच एकाच फाइलमध्ये आहे? कॉपी-ऑन-राइट (सीओडब्ल्यू, लिहायची वेळ आली तरच पेजची प्रत काढणं) केलंय का तुम्ही? एक्सव्ही६ वरून शिकलेले लोक बहुतेक वेळा ते ट्रॅप.सी मध्ये करतात, फॉल्ट आला की तिथेच टेबलांमधून वॉक करून पीटीई उचलायची आणि ८ व्या बिटात लपवलेला सीओडब्ल्यूचा फ्लॅग बघायचा.

कोरडी_भाकर
केलंय. ट्रॅप.सी मध्येच. स्वॅपच्या फाइलमध्ये पण एक वॉक आहे.

घाटमाथा
🙂 मग आता एकतर स्ट्रक्ट घाला नाहीतर ते दोन्ही तुकडे उचलून व्हीएम.सी मध्ये न्या.

कोरडी_भाकर
नेतो. व्हीएम_सीओडब्ल्यू_फॉल्ट असं फंक्शन करून पत्ता तेवढा पाठवतो, हो की नाही एवढंच परत येईल. स्ट्रक्ट नाही घालणार.